वळून पाहणारा कोळी

वसतिगृहाच्या जुन्या इमारतीत राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांना तेथील पूर्वेकडच्या खिडक्या आठवत असतील. सकाळची वंदना आटोपून मुले अभ्यासाला बसत, तेव्हा त्या खिडक्यांच्या चौकटींवर कोवळे ऊन आलेले असे. त्या उन्हात हरभऱ्याच्या डाळीएवढा, करड्या रंगाचा एक कोळी येऊन बसे. तो इतर कोळ्यांसारखा जाळ्यात लटकलेला नसे. दोन पावले चाले, थांबे, इकडेतिकडे वळे आणि एकाएकी उडी घेऊन वीतभर पलीकडे जाई.

एके दिवशी सातवीतील एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, “सर, बोट जवळ नेलं की हा कोळी वळून आपल्याकडे बघतो. त्याला आपण दिसतो का?”

आम्ही त्या वेळी नुकतेच विज्ञान शिकवू लागलो होतो. थोड्याशा वाचनाच्या बळावर आम्ही सांगून टाकले की, कोळ्याची नजर अधू असते. जाळ्याला बसलेल्या हिसक्यावरून त्याला भक्ष्य कळते. तुला भास झाला असेल. मुलगा गप्प बसला. परंतु ते त्याला पटलेले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

पुढे अनेक वर्षांनी वाचन वाढले, तेव्हा कळले की त्या मुलाने जे पाहिले तेच खरे होते. जाळे विणणाऱ्या बहुतेक कोळ्यांविषयी आमचे उत्तर ठीक होते. पण खिडकीवरच्या त्या कोळ्याविषयी ते साफ चुकीचे होते. मुलाने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आम्ही पाठ केलेल्या वाक्याने खोडून काढली होती. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर, उशिरा का होईना, दुरुस्त करावे असे आम्हांला वाटते.

जाळे न विणणारे कुल

हा प्राणी म्हणजे उडी मारणारा कोळी. प्राणिशास्त्रात त्याच्या कुलाला ‘साल्टिसिडी’ असे नाव आहे. जगभरात या कुलातील ६,००० हून अधिक जातींची नोंद झाली असून जातींच्या संख्येच्या दृष्टीने कोळ्यांमधील हे सर्वांत मोठे कुल आहे. भारतात नोंदल्या गेलेल्या जाती तीनशेच्या आसपास आहेत आणि त्यांत अजून भर पडतच आहे.

हे कोळी ओळखणे कठीण नाही. शरीर आटोपशीर, पाय आखूड व दणकट, अंगावर बारीक लव आणि चेहऱ्याच्या मधोमध मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे, चकचकीत डोळे. आपल्या घरांत त्यांच्या दोन-तीन जाती सहज दिसतात. भिंतीच्या रंगात मिसळून जाणारा, काहीसा चपटा, करडा कोळी हा बहुधा ‘मेनेमेरस बायव्हिटॅटस’ असतो. दुसरा ‘प्लेक्सिपस पायकुली’. त्याचा नर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा व रुबाबदार, तर मादी तपकिरी असते. तिसरा ‘हसॅरियस अडान्सोनी’. माणसाच्या घरांबरोबर आणि मालाबरोबर हा कोळी जगातील बहुतेक उष्ण प्रदेशांत पसरला आहे.

भक्ष्य पकडण्यासाठी हे कोळी जाळे विणत नाहीत. याचा अर्थ त्यांच्याजवळ रेशीम नाही असा नव्हे. रात्री निजण्यासाठी, कात टाकण्यासाठी आणि अंडी घालण्यासाठी ते खिडकीच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या मागे किंवा पानाच्या वळकटीत पांढरी, दाट, लहानशी रेशमी पिशवी तयार करतात. अनेक जातींची मादी अंडी फुटेपर्यंत त्या पिशवीत पहारा देत बसते. झाडलोट करताना जिला आपण जळमट समजून झाडूने ओढून काढतो, ती पुष्कळदा अशी एखादी खोली किंवा पाळणाघर असते.

आठ डोळे, दोन कामे

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. उडी मारणाऱ्या कोळ्याला आठ डोळे असतात आणि त्यांनी आपापली कामे वाटून घेतलेली असतात. डोक्याच्या कडेने असलेले डोळे राखणदारीचे काम करतात. त्यांना बारीक तपशील दिसत नाही, पण हालचाल तत्काळ कळते, आणि त्यांची नजर जवळजवळ चहूबाजूंना पोहोचते. पाठीमागे काही हलले, तरी कोळ्याला त्याची वर्दी मिळते. मग तो शरीर वळवून समोरचे दोन मोठे डोळे त्या दिशेला आणतो. आपण बोट नेल्यावर तो वळतो, त्याचे कारण हेच. आधी त्याला काहीतरी हलल्याचे कळते आणि मग ते काय आहे हे पाहण्यासाठी तो वळतो.

समोरच्या दोन डोळ्यांची रचना दुर्बिणीसारखी आहे. बाहेर भिंग, त्यामागे डोक्यात खोलवर गेलेली अरुंद नळी आणि नळीच्या तळाशी दृष्टिपटल. भिंग कवचाला पक्के जडलेले असल्याने ते हलू शकत नाही. मात्र आतली नळी हलते. प्रत्येक नळीला सहा स्नायू असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल लँड यांनी १९६९ साली या दृष्टिपटलाची रचना आणि हालचाल तपशिलाने मांडली. एका वेळी या डोळ्याला समोरच्या दृश्याचा फार अरुंद भाग दिसतो. म्हणून कोळी आतली नळी डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवत राहतो आणि अंधारात बॅटरीचा झोत फिरवून वस्तू न्याहाळावी तसा समोरचा पदार्थ तुकड्या-तुकड्याने न्याहाळतो.

ही नजर किती तीक्ष्ण असते? ‘पोर्शिया’ नावाच्या कोळ्याचे डोळे एकमेकांपासून ०.०४ अंश अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखू शकतात. कीटकांमध्ये नजरेसाठी नावाजलेल्या चतुरापेक्षा ही क्षमता सुमारे दहापट अधिक आहे. माणसाची नजर पोर्शियाच्या सुमारे सहापट तीक्ष्ण आहे. पण माणसाच्या एका डोळ्यात असे कितीतरी कोळी मावतील. शरीराच्या मानाने विचार केला, तर ही कामगिरी थक्क करणारी आहे.

त्याहून नवल अंतर ओळखण्याच्या पद्धतीचे. या डोळ्याचे दृष्टिपटल एकावर एक अशा चार थरांचे असते. त्यांपैकी खालच्या दोन थरांना हिरवा प्रकाश जाणवतो. पण हिरव्या प्रकाशाची प्रतिमा एका थरावर रेखीव, तर दुसऱ्यावर धूसर पडते. ती किती धूसर आहे, यावरून कोळी भक्ष्याचे अंतर ठरवतो. जपानमधील संशोधकांनी २०१२ साली हे तपासून पाहिले. त्यांनी निवडलेला कोळी म्हणजे आपल्या घरांतही आढळणारा हसॅरियस अडान्सोनी. हिरव्या प्रकाशात त्याच्या उड्या अचूक पडल्या. केवळ तांबड्या प्रकाशात मात्र त्याचा अंदाज चुकला आणि उडी भक्ष्याच्या अलीकडेच पडली.

उडीचे गणित

या कोळ्याचे पाय टोळाच्या पायांसारखे जाडजूड नसतात. मग एवढी उडी येते कोठून? कोळ्यांच्या पायांत सांधा मिटवण्यासाठी स्नायू असतात, परंतु काही प्रमुख सांधे ताठ करण्यासाठी स्नायूच नसतात. ते काम शरीरातील द्रवाच्या दाबाने होते. शरीराच्या पुढच्या भागातले स्नायू आवळले की द्रव पायांत जोराने शिरतो, मागचे पाय क्षणात ताठ होतात आणि कोळी फेकला जातो. जेसीबीच्या यंत्राचा हात तेलाच्या दाबावर उचलला जातो, त्यातलाच हा प्रकार. मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी पोटाशी आखडलेले असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दाब संपला की पाय ताठ ठेवणारे काही उरत नाही, हे त्यामागचे कारण.

उडी घेण्यापूर्वी कोळी पायांखालच्या पृष्ठभागाला रेशमाचा धागा चिकटवतो. गिर्यारोहक कमरेला दोर बांधतात, तशीच ही तजवीज. नेम चुकला तर त्याच धाग्याने तो परत वर येतो. शिवाय हवेत असताना या धाग्याच्या ताणामुळे त्याचे शरीर उलटेपालटे न होता तोल सांभाळून राहते, असेही अभ्यासातून दिसून आले आहे.

खिडकीच्या गुळगुळीत काचेवर तो चालतो कसा, याचे उत्तर त्याच्या पावलांत आहे. पावलाच्या टोकाला केसांचा झुबका असतो आणि प्रत्येक केसाला पुन्हा असंख्य सूक्ष्म केस फुटलेले असतात. ‘एव्हार्का आर्क्युएटा’ या जातीच्या आठ पायांवर मिळून असे सहा लाखांहून अधिक सूक्ष्म केस असल्याचे मोजमाप झाले आहे. ते काचेच्या इतके निकट जातात की दोन पदार्थांच्या रेणूंमधले क्षीण आकर्षणही त्याला धरून ठेवण्यास पुरते. तेथे गोंदाची किंवा चिकट द्रवाची गरज पडत नाही.

नाच, सोंग आणि कान नसलेले ऐकणे

नजर तीक्ष्ण असली की दिसण्यालाही महत्त्व येते. म्हणूनच या कुलात रंग आणि हावभाव यांची रेलचेल आहे. ऑस्ट्रेलियातील ‘मॅरेटस’ या प्रजातीच्या कोळ्यांना मोर-कोळी म्हणतात. पाच मिलिमीटरांच्या आसपास लांबीचा नर पोटावरचा निळा-तांबडा-हिरवा पडदा पिसाऱ्यासारखा उभारतो, पायांची एक जोडी उंचावतो आणि मादीसमोर नाचतो. त्याच वेळी तो पृष्ठभागावर कंपनांचा तालही धरतो. नाच पसंत पडला नाही तर मादी त्यालाच भक्ष्य करते, त्यामुळे नराच्या दृष्टीने हा खेळ जिवावरचा असतो. आपल्या घरातला प्लेक्सिपसही मादी दिसताच पुढचे पाय उंचावून हातवारे करतो. त्याला पिसारा नाही, एवढेच.

काही जातींनी सोंग घेण्याची कला साधली आहे. झाडाची पाने जोडून घरटे करणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्या आपल्याकडे आंब्याच्या झाडांवर दिसतात. त्यांचा चावा ठाऊक असल्याने पुष्कळ शिकारी प्राणी त्यांच्या वाटेला जात नाहीत. ‘मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडिस’ हा कोळी हुबेहूब त्या मुंगीसारखा दिसतो. शरीर मधे आवळलेले, चाल मुंगीसारखी नागमोडी, आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत उंचावलेले. पुढच्या वेळी आंब्याच्या झाडावर मुंगी दिसली तर पाय मोजून पाहावेत. सहा असतील तर मुंगी, आठ भरले तर कोळी.

या कोळ्यांना कान नसतात. तरीही दुरून आलेला आवाज त्यांना कळतो, हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. ‘फिडिपस ऑडॅक्स’ या कोळ्याच्या मेंदूतील संदेश नोंदवत असताना खोलीतील आवाजांनाही मेंदू प्रतिसाद देतो, असे त्यांच्या योगायोगानेच लक्षात आले. तीन मीटरांहून दूरचा आवाज पायांवरचे नाजूक केस टिपत होते. हे ऐकणे विशेषतः खालच्या पट्टीच्या आवाजांना तत्पर असते. कोळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या पंखांचा गुणगुणाट त्याच पट्टीतला आहे.

खसखशीएवढा मेंदू

या कोळ्याचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा असतो. त्या मेंदूची झेप पाहायची तर पोर्शियाकडे पाहावे. आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलियात आढळणारी ही प्रजाती भारतातही आहे. पोर्शिया इतर कोळ्यांची शिकार करतो. दुसऱ्याच्या जाळ्याच्या कडेला जाऊन तो धागे छेडतो आणि अडकलेल्या कीटकाच्या धडपडीची नक्कल करतो. एक ताल साधला नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. जाळ्याचा मालक ज्या तालाला फसून जवळ येऊ लागतो, तोच ताल पोर्शिया पुढे चालू ठेवतो. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या म्हणीचा असा धूर्त नमुना क्वचितच आढळेल.

न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातील रॉबर्ट जॅक्सन यांनी या कोळ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९९७ साली मायकेल टार्सिटानो व जॅक्सन यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. कोळ्याला उंच जागी ठेवले. तेथून त्याला दोन ठिकाणे दिसत होती; एकात भक्ष्य होते, दुसरे रिकामे होते. भक्ष्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला आधी खाली उतरावे लागे आणि उतरल्यावर भक्ष्य दिसेनासे होई. तरीही बहुतेक कोळ्यांनी खाली येऊन भक्ष्याकडेच जाणारी वाट निवडली. म्हणजे वरून पाहिलेले त्यांनी ध्यानात ठेवले होते आणि त्यावरून मार्ग ठरवला होता.

त्यांच्या झोपेविषयीचा शोध तर अगदी अलीकडचा आहे. २०२२ साली जर्मनीत डॅनिएला र्‍योस्लर व सहकाऱ्यांनी एव्हार्का आर्क्युएटाच्या पिल्लांचे रात्रभर चित्रीकरण केले. लहानपणी त्यांचे कवच पारदर्शक असते, त्यामुळे डोळ्यांच्या आतल्या नळ्या बाहेरून दिसतात. धाग्याला लटकून विसावलेल्या पिल्लांच्या या नळ्या ठरावीक काळाने वेगाने हलत आणि त्याच वेळी पायही थरथरत. माणसाच्या स्वप्न पडण्याच्या झोपेतही डोळे असेच हलतात. म्हणून कोळ्याला स्वप्न पडते असे लगेच म्हणता येणार नाही. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे एवढे निश्चित.

एका कुलाचे किती संसार

वाळवंटे आणि वर्षावने सोडाच, हे कोळी हिमालयाच्या उंच कड्यांवरही राहतात. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील निसर्गाभ्यासक रिचर्ड हिंग्स्टन यांना सुमारे ६,७०० मीटर उंचीवर असे कोळी आढळले. पुढे त्यांतील एका जातीला ‘युओफ्रिस ऑम्निसुपरस्टेस’, म्हणजे सर्वांहून वर राहणारा, असे नाव मिळाले. जेथे हिरवे पानही नाही, तेथे वाऱ्याने उडून आलेल्या काडीकचऱ्यावर सूक्ष्म कीटक जगतात आणि त्या कीटकांवर हा कोळी.

मध्य अमेरिकेतील ‘बघीरा किप्लिंगी’ याने तर कोळ्यांचा कुलाचारच मोडला. बाभळीच्या गोत्रातल्या काही झाडांच्या पानांच्या टोकांना पौष्टिक गाठी येतात. झाडाची राखण करणाऱ्या मुंग्यांसाठी असलेल्या या गाठी बघीरा मुंग्यांना चुकवून पळवतो. त्याचा आहार प्रामुख्याने शाकाहारी आहे, हे २००९ साली प्रसिद्ध झाले. पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातला ‘एव्हार्का क्युलिसिव्होरा’ रक्त पिऊन आलेल्या डासांच्या माद्या निवडून खातो. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासांना तो विशेष पसंती देतो, आणि माणसाने दिवसभर वापरलेल्या पायमोज्यांच्या वासाकडे तो आकर्षित होतो, असेही प्रयोगांत दिसले आहे.

दूध पाजणे हे सस्तन प्राण्यांचे वैशिष्ट्य, असे आम्ही वर्गात शिकवत आलो. २०१८ साली चिनी संशोधकांनी दाखवले की, ‘टॉक्सियस मॅग्नस’ या कोळ्याची मादी आपल्या शरीरातून पौष्टिक, दुधासारखा द्रव स्रवते आणि त्यावर पिल्ले वाढतात. सुरुवातीला ती द्रवाचे थेंब घरट्यात ठेवते. पुढे पिल्ले थेट तिच्या पोटाशी लागून पितात. सुमारे चाळीस दिवस हे संगोपन चालते.

आणि एक कोळी आपल्या महाराष्ट्रातला. ठाणे जिल्ह्यात आढळलेल्या एका नव्या जातीला २०२१ साली ‘आयसियस तुकारामी’ असे नाव देण्यात आले. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ गोळ्या झेलत ज्यांनी दहशतवाद्याची बंदूक सोडली नाही, त्या हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे हे स्मरण. मुंबईलगतच्या गजबजलेल्या भागातही विज्ञानाला ठाऊक नसलेला प्राणी सापडतो, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

झाडू उचलण्यापूर्वी

अंगावर पुरळ उठले की ‘कोळी फिरला असेल’ असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक लांबट, काळा-नारिंगी भुंगेरा अंगावर चिरडला गेला, तर त्याच्या द्रवाने भाजल्यासारखे फोड येतात. असे कित्येक फोड कोळ्याच्या नावावर जमा होतात. उडी मारणारा कोळी आपण होऊन माणसाला चावत नाही. कपड्यात दाबला गेला तर क्वचित चावेल, थोडी आग होईल. पण निरोगी माणसाला त्यापासून धोका नाही. उलट माश्या, डास, चिलटे यांवर त्याचा उदरनिर्वाह चालतो.

स्वच्छता हवीच, आणि जळमटेही काढलीच पाहिजेत. आमचे सांगणे इतकेच की, झाडू उचलण्यापूर्वी क्षणभर पाहावे. खिडकीच्या कोपऱ्यात दाट पांढरी पिशवी असेल तर ती चार दिवस राहू द्यावी. घरातल्या मुलाला जवळ बोलवावे. कोळ्यापासून वीतभर अंतरावर बोट धरून ते सावकाश डावीकडून उजवीकडे न्यावे आणि कोळी काय करतो ते त्यालाच सांगू द्यावे. आरशाचा लहान तुकडा समोर धरला, तर स्वतःलाच प्रतिस्पर्धी समजून पाय उगारणारा नरही पाहायला मिळेल. या प्रयोगाला ना प्रयोगशाळा लागते ना खर्च.

आणि मुलाने काही वेगळे पाहिल्याचे सांगितले, तर आम्ही केले तसे करू नये. पुस्तकात तसे नाही म्हणून त्याला गप्प करण्याऐवजी, त्याच्या शेजारी बसून आपणही पाहावे. आम्ही त्या दिवशी दोन मिनिटे खिडकीपाशी उभे राहिलो असतो, तर उत्तर समोरच होते.

तो विद्यार्थी आता चाळिशी ओलांडून गेला असेल. कदाचित या अंकाची प्रत त्याच्याही हाती पडेल. त्याला आम्हांला एवढेच सांगायचे आहे: बाळा, तुला भास झाला नव्हता. कोळी खरोखरच वळून तुझ्याकडे पाहत होता.